अनोळखी पुडीतली कॉफी

महिन्याच्या सामानाची यादी करताना कॉफी बहुतेक घरांत अगदी शेवटी लिहिली जाते. तांदूळ, डाळी, गूळ, चहा, साबण, काडेपेट्या सगळं झालं की मग आठवण होते, ‘कॉफी संपत आलीय वाटतं!’ आमचं रहिमतपूर तर चहाचंच गाव. सातारा जिल्हा म्हणजे आल्याचं आगर, तेव्हा आलं ठेचून घातलेला चहा सोडून इथं दुसरं काही प्यायचं म्हणजे त्याला काहीतरी कारण लागतं. एकादशी-चतुर्थीचा उपास, ताप उतरलेलं माणूस, चहा वर्ज्य असलेला परगावचा पाहुणा, नाहीतर परीक्षेला जागणारी मुलं. म्हणून फडताळात कॉफीची एक बाटली असतेच. आणि एखाद्या घरात रोज कॉफीच पिणारं माणूस असलं, की त्या घरच्या गृहिणीला या बाटलीचा हिशेब ठेवावाच लागतो.

हा हिशेब २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत पार कोलमडला. जगात सर्वांत जास्त कॉफी पिकते ब्राझीलमध्ये आणि त्याखालोखाल व्हिएतनाममध्ये. दोन्हीकडे पावसानं दगा दिला, पीक कमी आलं आणि भाव चढत गेले. कॉफीच्या जागतिक भावाचा १९७७ सालचा जुना उच्चांक डिसेंबर २०२४ मध्ये मोडला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तर न्यूयॉर्कच्या बाजारात एका पौंडाला (म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला) चार डॉलरच्या वर भाव गेला. आता ब्राझीलच्या दुष्काळाचा आणि कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या चुलीचा काय संबंध, असं वाटेल. पण आपल्याकडे कर्नाटकात, केरळात, तामिळनाडूत पिकणारी कॉफीही मोठ्या प्रमाणावर परदेशी जाते, त्यामुळे तिचा भाव बाहेरच्या भावाबरोबरच चढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये झटपट कॉफीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेवढाच काय तो हातभार.

नेमक्या याच काळात आमच्या दुकानदारानं नेहमीच्या बाटल्यांच्या शेजारी एक अनोळखी पुडी लावली. लाल-तपकिरी कागद, वर वाफाळता कप, आणि किंमत आमच्या नेहमीच्या कॉफीच्या निम्म्याहून थोडी जास्त. नाव मी मुद्दामच देत नाही. अशा पुड्या गावोगावी वेगवेगळ्या नावांच्या मिळतात आणि सांगायचं आहे ते सगळ्यांनाच लागू आहे. “घेऊन बघा वहिनी, खपतीय चांगली,” एवढंच तो म्हणाला.

मी घेतलीही असती की नाही कोण जाणे. पण तेव्हाच आमच्या भिशीत एक गोष्ट घडत होती. आम्ही सात जणी. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, काहीतरी खायचं आणि कॉफी. चहा रोजचाच, म्हणून भिशीला कॉफी, असा पहिल्यापासूनचा रिवाज. आमच्यातली एक जण ओळीनं दोन महिने आली नाही. पैसे मुलाबरोबर वेळेवर पाठवी, पण स्वतः येईना. पुढची पाळी तिच्याच घरची होती आणि ती ‘पुढे ढकला’ असा निरोप आला. तिच्या यजमानांचं काम सुटल्याचं आम्हांला माहीत होतं. पण सात जणींचं खाणं नि कॉफी एवढ्यानं कुणाचं अडतं, असं आम्हांला वाटत होतं. एक दिवस तिच्या शेजारणीनं सांगितलं, “अगं, ती सासूबाईंच्या कॉफीतसुद्धा चमच्याऐवजी अर्धा चमचा घालतीय, आणि त्या म्हणतात हल्ली तोंडाला चवच नाही.” तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मग ठरलं, की ही स्वस्तातली पुडी सगळ्यांनी मिळून नीट पारखायची. चांगली निघाली तर भिशीत सगळ्यांनीच ती वापरायची. म्हणजे एकटीवर काही यायला नको.

पारखायची म्हणजे आधी वाचायची. पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचायला आपण कंटाळतो, पण तिथंच सगळं लिहिलेलं असतं. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमाप्रमाणे कॉफीत चिकोरी मिसळलेली असेल तर ‘यात कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के’ असं पुडीवर छापावंच लागतं, आणि अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते. आमच्या पुडीवर बरोब्बर ५१ आणि ४९ होतं. कायद्याच्या काठावर उभी! आमच्या नेहमीच्या बाटलीतही चिकोरी आहे, हे तिच्यावर वाचलं तेव्हा दोघी-तिघींना धक्काच बसला. त्यात ७० आणि ३० होतं. इतकी वर्षं ‘अस्सल कॉफी’ म्हणून पाहुण्यांपुढे ठेवत होतो ती! म्हणजे स्वस्त पुडी भेसळीची आणि महाग बाटली चोख, असं नव्हतं. दोन्ही मिश्रणंच, फरक प्रमाणाचा. निव्वळ कॉफीही बाजारात मिळते, पण तिची किंमत बघून दुकानात हात मागेच येतो.

आता ही चिकोरी म्हणजे काय? पुष्कळ जणींना वाटतं कसलं तरी रसायन. तसं नाही. चिकोरी हे एक मूळ आहे, पांढऱ्या मुळ्याच्या किंवा गाजराच्या जातकुळीचं दिसणारं. गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. मुळं काढून, चकत्या करून वाळवतात, मग खरपूस भाजून दळतात. भाजताना त्यातली साखर करपते आणि तो काळपट रंग, तो कडसर-गोडसर वास येतो. कॉफीला दाटपणा येतो, रंग गडद होतो. कॉफीत असतं ते कॅफिन मात्र चिकोरीत अजिबात नसतं. तेव्हा कॉफी प्याल्यावर झोप येत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांना हे मिश्रण उलट बरंच.

मिश्रणाची ही युक्ती गरजेतूनच आलेली आहे. नेपोलियनच्या काळात, १८०६ नंतर, इंग्लंडशी व्यापार बंद झाला आणि फ्रान्समध्ये कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा लोकांनी चिकोरीवर भागवलं. पुढं कॉफी परत आली तरी चिकोरीची चव जिभेवर राहिली ती राहिलीच. लोण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मुंबईच्या पोल्सनची सुरुवातसुद्धा कॉफी दळून विकण्यापासून झाली, आणि तिच्या कॉफीचं नाव होतं ‘फ्रेंच कॉफी’. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीवाल्यांना तर चिकोरीशिवाय कॉफी पाणचट लागते. माझ्या धाकट्या जाऊबाई बेळगावच्या. त्या पितळी फिल्टर घेऊनच सासरी आल्या, आणि त्यांच्या मते चिकोरी न घातलेली कॉफी म्हणजे फोडणीशिवाय आमटी.

पण मिश्रणाला मर्यादा असते, हेही खरं. १९७५ साली ब्राझीलमध्ये बर्फासारखं दव पडून कॉफीचे मळेच्या मळे करपले आणि पुढच्या दोन वर्षांत भाव कडाडले. तेव्हा पूर्व जर्मनीच्या सरकारनं १९७७ मध्ये एक स्वस्त मिश्रण काढलं. त्यात ५१ टक्के कॉफी आणि बाकी राय, जव, वाटाणे, चिकोरी असलं काहीबाही. लोक इतके संतापले की तक्रारींच्या पत्रांचा पाऊस पडला. वाटाण्यामुळे उपाहारगृहांतली कॉफीची यंत्रंसुद्धा तुंबायला लागली! शेवटी ते मिश्रण मागे घ्यावं लागलं. आकडा तोच, ५१. पण उरलेल्या ४९ मध्ये काय घातलंय, यावर सगळं असतं.

यावरून आमच्या सासूबाईंनी एक गमतीचा प्रश्न काढला. चिकोरीची कॉफी उपासाला चालते का? त्यांनीच विचार करून निकाल दिला, “रताळं मूळ, बटाटा जमिनीखालचा, मग हे का नको? जव-वाटाणा असता तर मोडला असता उपास.” जर्मनांचं मिश्रण त्यांच्या कसोटीला उतरलं नसतं.

आता हिशेब. आपण बायका किंमत बघतो ती पुडीची, आणि पिताना मोजतो तो कप. घोळ होतो तो इथंच. समजा, नेहमीची कॉफी १०० ग्रॅमला ३०० रुपये आणि नवी १८० रुपये. घरात रोज चार कप होतात. एका कपाला सपाट चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम धरू. महिन्याला २४० ग्रॅम लागली. जुनीचे झाले ७२० रुपये, नवीचे ४३२. म्हणजे २८८ रुपये सरळ वाचले! पण नवी कॉफी फिकी लागली आणि आपण दीड चमचा घालायला लागलो, तर महिन्याला ३६० ग्रॅम लागणार आणि त्याचे ६४८ रुपये होणार. २८८ चे राहिले ७२. त्यातून कडूपणा मारायला साखर वाढली की तेही गेले. म्हणून पहिल्या दिवसापासून चमचा तोच, तितकाच सपाट, ठेवून बघायचा. हातानं अंदाजानं घालायची सवय असेल तर आठवडाभर तरी मोडा.

आमच्या एका मैत्रिणीनं पाहिलेला आणखी एक प्रकार म्हणजे दूध-साखर-कॉफी एकत्र असलेली पाकिटं. गरम पाणी ओतलं की झालं. स्वस्त वाटतात. पण घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते, एवढं लक्षात ठेवा. साखर पहिली आणि कॉफी शेपटाकडे असेल, तर आपण साखरच विकत घेतोय. आणि दाणेदार कॉफी भारी, भुकटी हलकी, असाही एक समज आहे. कॉफीचा काढा गरम हवेत फवारून वाळवला की भुकटी होते. तीच भुकटी वाफेनं ओलसर करून पुन्हा गोळा केली की दाणे होतात. दिसायला छान, पण त्यावरून आतल्या कॉफीची जात कळत नाही. गोठवून वाळवलेली कॉफी मात्र खरंच वेगळ्या पद्धतीची आणि महाग असते.

सुटी, दळलेली कॉफी घेणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या आणि वर चिमूटभर पूड हलकेच भुरभुरवा. कॉफी वरच तरंगते. चिकोरी काही क्षणांत खाली बसायला लागते आणि जाताना पाण्यात तांबूस रंगाची रेघ सोडते. झटपट कॉफी मुळातच पाण्यात विरघळते, तिला ही परीक्षा लागू नाही. तिथं छापील टक्केवारीवरच भरवसा. म्हणून टक्केवारी आणि अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक नसलेली पुडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. चार पैशांसाठी चिंचोके नि खजुराच्या बिया दळलेल्या प्यायची हौस कुणाला आहे?

भिशीतली आमची परीक्षा अशी झाली. एकाच पातेल्यातलं दूध, साखर मोजून. एका किटलीत जुनी, एकीत नवी. मी आत करणारी, सहा जणी बाहेर पिणाऱ्या (जी येत नव्हती तिच्या जागी तिच्या शेजारणीला बसवलं होतं). जुनीच्या कपांना तळाशी कुंकवाचं बोट लावलं होतं. पहिल्या खेपेला कॉफी आपल्या नेहमीच्या पद्धतीची, भरपूर दुधाची, वर जायफळ किसलेलं. दोन्ही कप पिऊन नवी कुठली ते सांगायचं. सहा जणींपैकी दोघींनीच बरोबर ओळखलं, आणि त्यातल्या एकीनं नंतर कबूल केलं की तिनं आपलं ठोकून दिलं होतं. दुसऱ्या खेपेला अर्धं पाणी, अर्धं दूध, जायफळ नाही, साखर कमी. आता पाच जणींनी पहिल्याच घोटात सांगितलं. नवीचा रंग गडद, पण वास उडालेला आणि मागे जिभेवर कडवटपणा राहणारा. बेळगावच्या जाऊबाईंनी तर “ही कॉफी नाही, काढा आहे,” असा शेरा मारला. चिकोरीची बाजू घेणारं माणूसही ४९ टक्क्यांना थबकलं!

यातून काय समजायचं ते मी माझ्यापुरतं समजले. आपली घरगुती जायफळाची, दाट दुधाची कॉफी मुळात दूध आणि मसाल्याची असते. तिथं पुडी बदलली तरी फारसं बिघडत नाही. उपासाला, मुलांना, आजाऱ्याला, भिशीला नवी खुशाल वापरावी. पण ज्याला कॉफीचाच वास हवा असतो, त्याच्यापुढे ती ठेवू नये. आमच्या घरी तसे आहेत मामंजी. त्यांना मी आधीच सांगितलं, की आठ दिवस ही नवी घेऊन बघा. आठ दिवस ते काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, “सकाळची माझी जुनीच असू दे. दुपारची तुमची कुठलीही चालंल.” चार कपांपैकी आता एकच जुनीचा, तीन नवीचे. तरी महिन्याला २१६ रुपये हाताशी राहतात, वरच्याच हिशेबानं.

मामंजींना सांगून केलं, यावर भिशीत बराच वाद झाला. एकीचं म्हणणं, सांगायचं कशाला? जुन्या बाटलीत नवी कॉफी ओतून ठेवायची, कोण बघतंय? दुसरीच्या मुलीला बघायला मंडळी यायची होती. तिला तर तीच काळजी, ट्रेमध्ये बाटली दिसली तर नाव दिसायला हवं. यावर आमच्यातल्या वयानं मोठ्या काकू म्हणाल्या, “अगं, ते मुलगी बघायला यायचेत, बाटली कशाला बघतील? आणि बाटली बघणाऱ्यांच्यात द्यायचीय का पोरगी?” सगळ्या हसल्या, पण मला काकूंचं पटलं. पाहुण्याला आपण कप देतो, डबा नाही. त्याला सांगण्याचीही गरज नाही नि लपवण्याचीही. घरच्या रोज पिणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. त्याच्या जिभेला फरक कळतो, आणि गुपचूप केलं की त्याला वाटतं आपल्या खाण्यापिण्यात काटछाट चाललीय. म्हाताऱ्या माणसांना हे फार लागतं. त्या आमच्या मैत्रिणीच्या सासूबाईंचं तेच झालं होतं. अर्धा चमचा घालून पाणचट झालेल्या जुन्या कॉफीपेक्षा पुरा चमचा घातलेली नवी त्यांना अधिक आवडली, असं नंतर कळलं. मिसळणाऱ्याची चिकोरी चालते, घरची काटकसर चालत नाही, असं काहीतरी!

ज्यांच्या घरी अंगात रक्त कमी असलेल्या बायका-मुली आहेत (आणि कुठल्या घरी नाहीत?), त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये, असं सांगितलं आहे. अन्नातलं लोह अंगी लागत नाही म्हणून. दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादाही तिथं घातली आहे. झटपट कॉफीच्या कपात ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं. कॉफी स्वस्त मिळाली म्हणून कप वाढवायचे नाहीत.

साठवणीचं थोडक्यात. अनोळखी पुडी पहिल्यांदा लहानातली लहान घ्यावी. फोडल्याबरोबर घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत काढावी. पावसाळ्यात ही भुकटी फार लवकर ओल धरते आणि तिचा दगड होतो. चमचा ओला नको, आणि वाफाळत्या पातेल्यावर बाटली धरून कॉफी झटकायची नाही.

पुढच्या महिन्यात भिशी त्या मैत्रिणीच्याच घरी झाली. पाळी ढकलायची भाषा तिनं परत काढली नाही. आम्ही नवी पुडी सगळ्यांनीच धरली होती आणि ते तिला शेजारणीकडून कळलंच होतं. पोहे केले होते, आणि स्टीलच्या पेल्यांतून कॉफी. तिच्या सासूबाई आमच्यात येऊन बसल्या आणि दुसरा पेला मागून घेतला. जायफळ मात्र तिनं त्या दिवशी जरा सढळ हातानं किसलं होतं. पाच वाजता उठायचं ठरलेल्या आम्ही सगळ्या सहा वाजले तरी जांभया देत तिच्या ओसरीवरच बसून होतो.